गरिबीचा दाखला

शहरातल्या सुशिक्षित मंडळींत बसले की हल्ली एक तक्रार हमखास कानी येते. सरकारने लोकांना फुकट खायची सवय लावली, शेतावर मजूर मिळत नाही, ज्याला त्याला अनुदान हवे! बोलणाऱ्याच्या हातात चहाचा कप असतो आणि त्याचे स्वतःचे निवृत्तिवेतन दरमहा बिनबोभाट खात्यात जमा होत असते. या मंडळींना माझी विनंती आहे. एखाद्या खेड्यातल्या विधवेसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज एकदा, फक्त एकदा, शेवटापर्यंत नेऊन दाखवा. मग फुकट या शब्दाबद्दल आपण बोलू.

मी शाळामास्तर. खेड्यात मास्तरचे अक्षर ही अजून सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यामुळे असले अर्ज मी पुष्कळ लिहिले. आधार कार्ड, रेशन कार्ड, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बँकेचे पुस्तक. आणि या सर्वांचा राजा म्हणजे उत्पन्नाचा दाखला. एका कागदावर नावातला उकार दीर्घ आणि दुसऱ्यावर ऱ्हस्व असला तरी अर्ज परत येतो. ज्या बाईला आपल्या नावातला उकार जन्मात वाचता आला नाही, तिने तो दुरुस्त करून आणायचा! त्यातही गंमत अशी की यातले बहुतेक कागद सरकारनेच दिलेले. एका खोलीतून घ्यायचे आणि मजुरी बुडवून दुसऱ्या खोलीत नेऊन दाखवायचे.

एका कचेरीत माझ्यासमोर एका म्हातारीला विचारले गेले, "आजी, उत्पन्न काहीच नाही असं कसं लिहू? मग तुम्ही जगता कशा?" म्हातारी म्हणाली, "कशी जगते ते तुमीच लिवा, सायेब." साहेब गप्प झाले. दाखला त्या दिवशी मिळाला नाहीच.

ही योजना १९८० सालची. तिच्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. यादी म्हणाल तर २००२ सालच्या पाहणीची. तेरा प्रश्न विचारून तेव्हा गरिबीला गुण दिले गेले, आणि पुढे वर्षानुवर्षे तीच यादी उघडली जात राहिली. २००२ साली जी पोर पाळण्यात होती, ती पुढे लग्न होऊन विधवा झाली तरी तिचे नाव तिथे कोठून सापडणार? राहिली उत्पन्नाची मर्यादा. २०२३ साली मासिक मदत हजाराची दीड हजार झाली, ही गोष्ट चांगलीच झाली. मर्यादा मात्र वाढली नाही. आता शाळेतले साधे त्रैराशिक मांडा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वर्षात सदुसष्ट दिवस कुदळ मारली तर बाई निराधार. अडुसष्टाव्या दिवशी मारली की सरकारी हिशेबाने तिला आधार आला. असा नियम करून तिला खोटे बोलायला भाग पाडायचे आणि मग 'खोटे लाभार्थी' म्हणून आपणच बोंब ठोकायची! खरा लबाड माणूस तर या चाळणीत कधीच अडकत नाही. त्याचे कागद नेहमी पुरे असतात, कारण कागद पुरे करायला वेळ, पैसा आणि ओळख लागते.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या राज्यात घरोघर कोण जाणार? २०२४ साली गेले होते की! लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. अंगणवाडी सेविकांनी अर्ज भरून द्यायचे आणि त्यांना अर्जामागे ५० रुपये ठरले. काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यांत पैसे पडले. त्यांचे पैसे मला खुपत नाहीत. निवडणूक तोंडावर होती हे सर्वांना ठाऊक आहे. पण मनात आणले की कारभार दारापर्यंत चालत जाऊ शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले. आणि २०२५ साली त्याच योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांना दोघेही उरले नव्हते त्या बायका नेमक्या अडल्या. त्यांच्यासाठी मागाहून वाट काढावी लागली.

आमच्या मराठवाड्याला हा अनुभव जुना आहे. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले, आणि कुणब्याला स्वतःचे गाऱ्हाणे लिहवून घ्यायला अर्जनवीस शोधावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ला ते राज्य गेले. आता सरकार मराठी बोलते, पण अर्जनवीस गेला नाही. तो तालुक्याच्या संगणक केंद्रात बसतो. त्या पोराला मी दोष देत नाही. सर्व्हर बंद पडला की शिव्या तोच खातो.

याच मातीत उलटे उदाहरणही घडले आहे. १९७२च्या दुष्काळात आमचे आईबाप खडी फोडायला गेले, तेव्हा वार्षिक उत्पन्न किती असे त्यांना कोणी विचारले नाही. भर उन्हात दगड फोडायला येतो तो गरजू, एवढी साधी ओळख पुरली. मुकादमांनी हजेरीपटात हात मारले नाहीत असे नव्हे. तरीही वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली ती रोजगार हमी १९७७ साली कायद्यात आली, आणि मागेल त्याला काम हे तत्त्व महाराष्ट्राने देशाला दाखवले. तिथे मागणे हाच पुरावा होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येचीसुद्धा 'पात्र' आणि 'अपात्र' अशी वर्गवारी आपण त्याच महाराष्ट्रात केली.

माझी मागणी फार मोठी नाही. खेड्यात मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. नवरा वारल्याचे सरकारला त्या दिवशी कळते. मेलेल्याचे वय, पत्ता, सारे त्याच वहीत असते. मग त्याच्या बायकोचा अर्ज त्याच दिवशी का सुरू होऊ नये? नवा कायदा नको, नवे ॲप तर नकोच. ज्याला आपण अजून ग्रामसेवक म्हणतो त्याने मृत्यू नोंदवताना दुसरा कोरा अर्ज काढावा, तिथेच भरून तिचा अंगठा घ्यावा आणि कागद तहसीलला स्वतः पाठवावा. नावे ग्रामसभेत वाचावीत; कोण खरे निराधार आणि कोणाच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे, हे गावाला दाखल्यावाचून माहीत असते.