घर-अंगण : पाय चेपू नयेत असा म्हातारा

ओक म्हटले की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे पहिल्याने येते ते आडनाव. माझ्या माहेरच्या आळीत ओकांची तीन घरे होती. म्हणून ‘आमच्या घरामागे पावणेदोनशे वर्षांचा ओक आहे’ असे लेकीने विलायतेहून कळवले, तेव्हा ‘त्यांची प्रकृती कशी आहे?’ असे विचारल्यावाचून मला राहवले नाही. पुढे प्रत्यक्ष त्या ओकाशी गाठ पडली आणि प्रकृतीची चौकशी काही थट्टेची राहिली नाही.

लेकीचे घर लंडनच्या दक्षिणेला, केंट परगण्यात एका लहान गावी. हवा थंड, पाऊस भुरभुरता, आणि वारा बहुधा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरचा. शरद ऋतूपासून थंडी सरेपर्यंत तिथे वादळांची रीघ असते. 2015 पासून त्यांची चक्क बारशी होऊ लागली आहेत! मी तिकडे असताना जे आले त्याचे नाव युनिस. तारीख 18 फेब्रुवारी 2022. वेधशाळेने लाल बावटा दाखवला, शाळा बंद झाल्या. वाइट बेटाच्या टोकावर त्या दिवशी वाऱ्याचा झोत ताशी 196 किलोमीटरवर गेला, असे दुसऱ्या दिवशी कळले. आम्ही सारी पुढच्या खोलीत बसून होतो. दुपारी मागच्या अंगणात तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. ओकाची माणसाच्या कमरेएवढी जाड फांदी नातवाच्या उड्या मारायच्या जाळीवर आडवी झाली होती. जाळीच्या नळ्यांचा अगदी चुरा. एरवी शाळा सुटली की पोर तिथेच असायचा.

“आई, आता हे झाड काढायचं,” जावई म्हणाले. “मुलापेक्षा झाड मोठं नाही.”

मी तत्काळ मान डोलावली. लेक मात्र गप्प होती. घर घेतले ते त्या झाडाकडे पाहून, हे मला ठाऊक होते.

पण तिथे झाड तोडणे आपल्या मर्जीवर नसते. त्या ओकाला पालिकेचे कायदेशीर संरक्षण होते. अर्ज करा, परवानगी मिळवा, मग कुऱ्हाड! म्हणून झाडांचा एक जाणकार बोलावला. मला वाटले, हा गृहस्थ आता मान वर करून मोडक्या फांदीकडे बघणार. छे! तो आला तो खाली वाकून चालू लागला. बुंध्याभोवती दोन फेऱ्या घातल्या, जमिनीला कुठे भेग आहे का पाहिले, मुळाशी अळिंबीचे टणक पंखे उगवलेत का पाहिले, आणि एका लाकडी मोगरीने बुंध्यावर टकटक करीत कान लावला. आपले वैद्य छातीवर बोटे आपटून ऐकत, अगदी तसे. मग त्याने गाडी उभी करायच्या जागेकडे बोट दाखवले आणि विचारले, “ही इथे किती वर्षं उभी असते?”

गाडी बुंध्यापासून पाच हातांवर, रोज त्याच जागी!

त्याने समजावून सांगितले ते असे. झाडाची मुळे आपण समजतो तशी पाताळात जात नाहीत. बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, आणि घेराच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. ती श्वास घेतात. माती तुडवून, गाड्या उभ्या करून, फरशा घालून आपण ती दाबली की हवा जात नाही, पाणी मुरत नाही; मुळे मरतात. वर मात्र दहा-दहा वर्षे काही दिसत नाही. मग एके दिवशी वादळ येते आणि आळ त्याच्यावर जातो.

शेजारच्या आजीबाईंनी यावर त्यांच्या तरुणपणीची हकीगत सांगितली. 16 ऑक्टोबर 1987 ची ती रात्र. आपल्याकडे दिवाळी तोंडावर आलेली असेल. तिकडे पावसाने जमीन भिजून लोणी झाली होती आणि झाडांवर पाने अजून शाबूत होती, म्हणजे जणू शिडे उभारलेलीच. पहाटेपर्यंत दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी झाडे आडवी झाली. 18 माणसे गेली. केंटमध्ये सेव्हनओक्स नावाचे गाव आहे, सेव्हनओक्स म्हणजे सात ओक. तिथल्या क्रिकेटच्या मैदानाकडेला 1902 साली लावलेले सात ओक होते. सकाळी एकच उरला होता!

पण खरी गंमत झाली ती लंडनमधल्या क्यू येथील वनस्पती-उद्यानात. तिथली सातशेच्या आसपास झाडे त्या रात्री गेली. टर्नरचा ओक म्हणून एक दोनशे वर्षांचे जुने झाड तिथे होते, बरीच वर्षे कुरकुरणारे. वाऱ्याने ते मातीच्या गड्ड्यासकट उचलले आणि पुन्हा जागच्या जागी बसवले. पडलेल्यांची निरवानिरव करण्यात लोक गुंतले. हा म्हातारा शेवटी बघू म्हणून राहिला. तीनेक वर्षांनी पाहतात तो पूर्वी कधी नव्हता असा तजेला! उद्यानातले वृक्षतज्ज्ञ टोनी कर्कहॅम यांनी त्याचे कारण ओळखले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी घट्ट झालेली माती वादळाने हलवून सैल केली होती. तेव्हापासून तिथे दाबलेल्या हवेने जुन्या झाडांखालची माती मुद्दाम सैल करतात. आम्ही सारी जाऊन त्या आजोबांना पाहून आलो. थोरांचे पाय चेपावेत, ही आपली रीत. झाडांचे मात्र चेपू नयेत!

जावयांचा प्रश्न अजून उभाच होता. तो त्यांनी रोखठोक विचारला, “पण पुढच्या वादळात हे पडणार नाही, याची हमी काय?”

“हमी नाही,” जाणकार म्हणाला. “बुंधा भरीव आहे, मूळ धरून आहे, एवढं सांगतो. तोडाल तर त्यातही धोका आहे. खाली चिकणमाती आहे. झाड घराहून जुनं. ते पाणी ओढायचं थांबलं की माती फुगेल आणि भिंती तडकू शकतील.”

मग एक मधला मार्ग निघाला. झाड हलवता येत नाही. त्याच्याखालचे सारे हलवता येते. उड्यांची जाळी नवी आणली ती पुढच्या अंगणात. नातवाचा पलंग पुढच्या खोलीत. गाडी रस्त्यावर. झाडाखालची माती हवेच्या झोताने सैल केली आणि तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा तीन इंच थर पसरला. मात्र बुंध्याला भिडू दिला नाही, नाहीतर साल कुजते. हिरवळ कापायचे यंत्र तिथे फिरकायचे नाही, नांगरट नाही, खणाखणी नाही.

वरची शस्त्रक्रिया अगदी बेताची. शेंडा सपाट छाटण्याची जी हौस असते, ती त्याने सपशेल नाकारली. शेंडा तोडला की थोटके कुजतात आणि त्यांवर भराभरा फुटणारे धुमारे कच्च्या धरणीचे असतात. पुढच्या वादळात तेच आधी मोडतात. त्याने फक्त लांब गेलेल्या आडव्या फांद्यांची टोके कमी केली. मोडलेल्या फांदीचा खुंट कापला तो बुंध्याला घासून नव्हे, तर जोडाशी जी फुगीर वळी असते तिच्या किंचित बाहेर. डांबर नाही, रंग नाही. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून तिला आतल्या आत कोंडते. वळी कापली तर ती भिंतच मोडते. आणि शेंड्यावरच्या वाळक्या काटक्या पाहून घाबरू नका, असेही तो सांगून गेला. म्हातारा ओक पुष्कळदा वरून आपला पसारा आवरता घेतो आणि खाली नवी पालवी धरून कितीतरी वर्षे काढतो. आपणही सत्तरीनंतर जिना उतरून खालच्या खोलीत राहायला येतोच की!

दर मोठ्या वादळानंतर मात्र पाहणी करायची. वाऱ्याच्या बाजूला माती उचललेली आहे का, झाड नव्याने कलले आहे का, जोडात चीर आहे का. त्यात वाऱ्याची दिशाही ध्यानात ठेवायची. झाडे नेहमीच्या वाऱ्याला तोंड देत आपली मुळे घट्ट करतात. नोव्हेंबर 2021 मध्ये आर्वेन नावाचे वादळ उलट, उत्तर-ईशान्येकडून आले, तेव्हा इंग्लंडच्या उत्तर भागात आणि स्कॉटलंडात चांगली धडधाकट झाडे कोसळली.

हे सारे ऐकताना मी एक गोष्ट कुणाला बोलले नव्हते. ती निघायच्या आदल्या रात्री लेकीला सांगितली. पुण्याच्या आमच्या वाड्यात तिच्या लहानपणी आंबा होता. पाचोळा आणि चिखल नको म्हणून मीच ह्यांच्या मागे लागून अंगणभर, थेट बुंध्यापर्यंत शहाबादी फरशी घालून घेतली. सात-आठ वर्षांनी मे महिन्यातल्या एका वळवाच्या सरीत आंबा मुळासकट उलथला. मुळे ती किती, तर टोपलीभर! वाऱ्याला बोल लावून आम्ही मोकळे झालो होतो.

लेक थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आई, तुला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.”

खरे आहे. म्हणून मी आता तुम्हांला सांगते आहे.

पुण्याला परतल्यावर मी आमच्या इमारतीच्या आवारातले झाड प्रथमच खाली वाकून पाहिले. फरशीचे ठोकळे बुंध्याला आवळून बसवलेले. सभेत विषय काढला, दोन वेळा हसण्यावारी गेला, तिसऱ्या वेळी चार फुटांचा घेर मोकळा झाला. पाचोळा पडतो आणि बायका कुरकुरतात. त्यांच्यात मीही असते. लेकीकडे मात्र ओकाला मे महिन्यात पालवी आली. नातवाने छायाचित्र पाठवले आहे. पलंग अजून पुढच्या खोलीतच आहे.