'उष्णता वाढली' म्हणजे नेमके काय झाले?

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात सकाळी उठल्यावर डोळे चुरचुरले, की त्याचे निदान घरातल्या घरात आणि एका शब्दात होते : उष्णता. आजी म्हणते, "रात्रीचा जागतोस, उष्णता वाढली." आई सब्जा भिजत घालते. शेजारच्या काकू गुलाबपाण्याची बाटली आणून देतात. कुणी डोळ्यांवर दुधाची घडी ठेवते, कुणी मधाचे बोट फिरवते, कुणी तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळते. तळपायाच्या तुपाबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्याने झोप चांगली लागते आणि डोळ्याला इजा होत नाही. माझे भांडण आहे ते त्या शब्दाशी. 'उष्णता' म्हटले की पुढची चौकशीच बंद होते. डोळा का कोरडा पडला, हे विचारायचे राहून जाते आणि मग हाताला लागेल ते त्यात पडते.

गंमत अशी, की हा शब्द आपण आयुर्वेदाच्या खात्यावर टाकतो. पण सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'शुष्काक्षिपाक' नावाचा जो रोग सांगितला आहे, तो वातामुळे होणाऱ्या विकारांत घातलेला आहे. पापण्या आक्रसलेल्या, कडक आणि रूक्ष, नजर गढूळ, आणि डोळे उघडताना फार त्रास. सकाळी उठून डोळे उघडता न येणाऱ्या माणसाचेच हे वर्णन वाटते. म्हणजे त्या काळच्या वैद्याने निरीक्षण करून कोरडेपणा ओळखला, आणि आपण मात्र त्यावर 'गरम पडले' अशी चिठ्ठी चिकटवून मोकळे झालो!

आता हा कोरडेपणा झोपेतच का वाढावा? डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यात पाणी असते, ते बुबुळाला धरून ठेवणारा चिकट भाग असतो आणि वर तेलाचा पापुद्रा असतो. दुधावर साय धरावी तसा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम याने 1666 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. झोपेत अश्रू तयार होण्याचे काम मंदावते. पापणी घट्ट मिटलेली असेल तर तेवढ्यावर रात्र निभावते. पण पापणी मिटली नाही, तेल नीट आले नाही किंवा वारा लागत राहिला, तर पहाटेपर्यंत डोळा वाळतो.

पापणी मिटत नाही म्हणजे काय, असे कुणी विचारील. काही माणसे खरोखरच डोळे किंचित उघडे ठेवून झोपतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. डॉक्टरी भाषेत याला 'लॅगॉफ्थॅल्मॉस' म्हणतात. यात ग्रीक भाषेतला ससा आहे, कारण ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो अशी त्या लोकांची समजूत होती. झोपताना बुबुळ वर वळते, त्यामुळे फटीतून पांढऱ्याची रेघ तेवढी दिसते. हे पाहण्याचे काम घरच्या माणसाचे. नवऱ्याने बायकोचे, मुलाने आईचे डोळे झोपेत एकदा न्याहाळावेत. यंत्र लागत नाही. तोंडावरून वारे गेलेल्या, म्हणजे चेहऱ्याच्या लकव्याच्या रुग्णाला किंवा थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेल्याला हा त्रास जास्त होतो आणि त्यांनी तो अंगावर काढू नये.

बाकीची कारणे आपल्या घरातच टांगलेली आहेत. पहिले म्हणजे छताचा पंखा. आपल्याकडे पंख्याची जागा कोण बळकावतो यावर भावंडांची भांडणे होतात. जिंकलेल्या भावाचे डोळे सकाळी जास्त चुरचुरतात, एवढा न्याय त्यात आहे. दुसरे मोबाइल. माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या लववतो. पडद्याकडे टक लावली, की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. झोपण्याआधी तास-दीड तास पडद्यात डोके घालून मग थेट डोळे मिटले, तर कोरड्या डोळ्याचीच रात्र सुरू होते. आजीचे 'रात्रीचा जागतोस' हे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. आणि जागरण म्हणजे फक्त मोबाइल नव्हे. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज मिळाली, की मोटर चालू करायला जावेच लागते. बिबट्याच्या भीतीने आमच्याकडचे शेतकरी दिवसाची वीज मागतात, ती योग्यच मागणी आहे. त्यात डोळ्यांचेही एक कारण घालायला माझी हरकत नाही.

तिसरे कारण औषधांचे. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्या नाक सुकवतात, तशाच डोळाही सुकवतात. चौथे वयाचे. पाळी थांबण्याच्या सुमाराच्या बायकांमध्ये कोरडेपणा अधिक आढळतो, आणि नेमक्या याच बायका 'काही नाही, उष्णता' म्हणून कामाला लागतात. त्यात चुलीचा धूर ज्यांनी वीस-वीस वर्षे खाल्ला, त्यांनी तर डोळ्यांची तक्रार करायची असते हेच सोडून दिलेले. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल, सांधे धरत असतील, तर त्यामागे शोग्रेन यांच्या नावाचा आजार असू शकतो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हा तोंड कोरडे पडते हेसुद्धा डोळ्याच्या डॉक्टरला सांगावे.

पण आमच्या भागाचे म्हणून जे खास कारण आहे, ते उसात आहे. दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने, गावोगाव ऊस. उसाच्या पात्याची कड डोळ्याला लागली, की बुबुळावरची नाजूक त्वचा सोलते. दोन दिवस पाणी येते, मग बरे वाटते आणि माणूस विसरतो. काही महिन्यांनी एका पहाटे डोळा उघडताना सुई टोचावी तशी कळ येते. झालेले असे असते, की ती त्वचा खाली पक्की बसलेली नसते. रात्री कोरड्या डोळ्यात पापणी तिला चिकटते आणि उघडताना ओढून काढते. हा माणूस 'सकाळी टोचतंय' एवढेच सांगतो. उसाचे पाते त्याच्या लक्षात नसते, आणि त्याला कुणी विचारतही नाही.

खरा धोका येथून सुरू होतो. हा माणूस औषधाच्या दुकानात जातो, "लाल झालाय, थेंब द्या" म्हणतो आणि त्याला थेंब मिळतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना असेच थेंब मिळाले. दुकान कुठले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तसे पुष्कळ आहेत. थेंबांनी लाली तासाभरात गेली. जाणारच, त्यात स्टेरॉइड होते! मग दर लालीला तीच बाटली. स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले, तर कित्येकांच्या डोळ्याच्या आतला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. आणि पात्याच्या जखमेत बुरशी शिरली असेल, तर स्टेरॉइड म्हणजे तिला खतपाणीच. हे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत असा कायदा आहे. तो पाळायचे काम दुकानदाराचे, पण जावेच्या डोळ्यासाठी आणलेली उरलेली बाटली फडताळातून काढून आपल्या डोळ्यात घालायची नाही, हे आपले काम आहे.

मग करायचे काय? पुष्कळांना साध्या गोष्टींनी आराम पडतो. पंख्याचा झोत तोंडावरून हलवावा. झोपण्याआधी सोसवेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ कापड पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे ग्रंथींत थिजलेले तेल सुटते. मग पापण्यांची कड हलकेच पुसून घ्यावी. सकाळी चिकटलेले डोळे ओढून उघडू नयेत, चोळू तर नयेतच. मिटल्या पापण्यांवर ओले फडके ठेवून सावकाश उघडावेत. डॉक्टर कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात आणि रात्रीसाठी डोळ्यात घालायचे मलम देतात. मलमाने थोडे धूसर दिसते, म्हणून ते दिवे मालवताना घालायचे. दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागत असतील, तर टिकाऊपणाचे रसायन नसलेले मागावेत, कारण ते रसायनच काहींच्या डोळ्यांना त्रास देते. दूध आणि मध यांना मात्र डोळ्यापासून दूर ठेवावे. पोटात गेले तर ते अन्न. डोळ्यात गेले तर त्यातले जंतूही आत जातात. आणि डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, नजर अंधुक झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाजाराचा दिवस असला तरी.

डॉक्टर दूर आहेत, ही सबब आमच्या भागाला फारशी चालणार नाही. नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालय 1982 पासून आहे. ते उभे करणारे डॉ. मनोहर डोळे हे मूळचे आयुर्वेदाचे वैद्य, त्यांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. डोंगरातल्या आदिवासी माणसांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे अशा कामाने कळले. मोतीबिंदूसाठी एसटीतून, जीपमधून माणसे भरून आणायची सवय या मुलखाला लागली, हे लहान काम नव्हे.

कोरड्या डोळ्यासाठी मात्र कुणी जीप भरत नाही. कारण तो डोळा दिसतो. खरे तर त्याची एक तपासणी कागदाच्या पट्टीने होते. 1903 मध्ये ऑटो शिर्मर याने ती सुचवली. पट्टीचे टोक खालच्या पापणीत अडकवायचे आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहायचे. तेव्हा गावोगाव शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना एवढीच विनंती, की फलकावर 'मोतीबिंदू तपासणी'च्या खाली आणखी एक ओळ रंगवावी : सकाळी उठल्यावर डोळे चुरचुरणाऱ्यांनीही यावे, आणि घरात असतील नसतील तेवढ्या थेंबांच्या बाटल्या बरोबर आणाव्यात.