पहारा कुणावर?



मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तपास सुरू झाला तो गर्भपात करताना दगावलेल्या एका तरुण बाईमुळे. भ्रूणांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, ती बाई नाही.

सोनोग्राफी आली बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. आपल्या ऊस-द्राक्षांच्या पट्ट्यात तिचं काय झालं, ते जनगणना सांगते. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली साताऱ्यात ९४१ मुली होत्या, सांगलीत ९२४. २००१ साली ८७८ आणि ८५१. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ चा, केंद्राचा १९९४ चा. म्हणजे ही घसरण कायद्याच्या डोळ्यांदेखत झाली! २०११ साली आकडे किंचित सावरले, इतकंच.

मग यंत्रावर यंत्राचा पहारा आला. शेजारच्या कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले गेले. पण ते चित्रं साठवणार. कानात सांगितलेला शब्द कसा पकडणार? साताऱ्यातल्या कार्यकर्त्या गरोदर बायांना सोबत घेऊन डॉक्टरांना पकडतात, ते यामुळेच.

आम्ही 'स्त्रीभ्रूणहत्या' म्हणत नाही, 'गर्भलिंगनिवड' म्हणतो. हत्या म्हटलं की प्रत्येक गर्भपात खून ठरतो, आणि पहारा डॉक्टरऐवजी बाईवर बसतो. गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे. सरकारी दवाखान्यात दार बंद झालं की ती म्हैसाळसारख्याच ठिकाणी जाणार.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने एवढी माहिती आणावी: आपल्या ग्रामीण रुग्णालयात गर्भपाताची सोय आहे का, आणि एकट्या गेलेल्या बाईला तिथे काय काय विचारतात.