आगगाडीने आखून दिलेली चढण

ॲलेगनी डोंगररांग उंचीने फार मोठी नाही, पण सायकलस्वाराला ती दमवते. पेनसिल्व्हेनियाचा नैऋत्य कोपरा आणि मेरीलंडचा पश्चिमेकडचा निमुळता भाग या टापूत एक डोंगर उतरावा तोच दुसरा उभा राहतो आणि मोटारींसाठी काढलेले रस्ते बहुतेक ठिकाणी सरळ वर चढून सरळ खाली उतरतात. याच डोंगरांतून कंबरलंड ते पिट्सबर्ग असा १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरचा मार्ग जातो. त्यावर मोटारींना मज्जाव आहे आणि त्याची चढण रोजच्या सवयीच्या सायकलस्वाराला सहज झेपते. मार्गाचे नाव ग्रेट ॲलेगनी पॅसेज. कंबरलंडला त्याला सी अँड ओ कालव्याच्या काठची १८४.५ मैलांची वाट येऊन मिळते. ती थेट वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपर्यंत नेते. दोन्ही मिळून सुमारे ३३५ मैल सायकलवरून जाता येते, तेही जवळजवळ संपूर्णपणे मोटारींच्या रहदारीपासून दूर. वॉशिंग्टन आणि पिट्सबर्ग या दोन्ही टोकांना मराठी घरे पुष्कळ आहेत. त्यातल्या अनेकांच्या दारापासून हा मार्ग तासाभराच्या आत असतो, तरी त्याची ओळख फार थोड्यांना आहे.

चढण सौम्य का, याचे उत्तर आगगाडीत आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्यामुळे गाडीला तीव्र चढ चालत नाही. रेल्वेच्या इंजिनिअरांना डोंगराला वळसे घालावे लागतात, दऱ्यांवर भराव आणि पूल टाकावे लागतात, कातळ फोडावा लागतो, आणि तेही जमले नाही तर बोगदा खणावा लागतो. वेस्टर्न मेरीलंड रेल्वेने १९१० ते १९१२ या काळात कंबरलंडपासून कॉनेल्सव्हिलपर्यंतचा लोहमार्ग असाच बांधला. पुढे मोटारी आणि ट्रक आले, कोळसा-पोलादाचा धंदा आटला आणि १९७५ मध्ये ही वाहतूक थांबली. रूळ निघाले, पण डोंगरात कोरलेली ती संथ चढण तशीच राहिली. कंबरलंडहून निघाल्यावर पहिल्या २४ मैलांत सुमारे १,७५० फूट चढावे लागते आणि कुठेही शंभर फुटांत पावणेदोन फुटांहून जास्त चढ लागत नाही. तुलनेसाठी बोरघाट घेता येईल. कर्जत-खंडाळा लोहमार्गावर ३७ फुटांत एक फूट चढ आहे, आणि तिथे गाडीला मागून जास्तीची इंजिने जोडावी लागतात. इथला सर्वांत मोठा चढ त्याहून बराच सौम्य आहे. माथ्याच्या पश्चिमेला तर तो शंभरात एक फुटाच्याही आत येतो. पिट्सबर्गकडून येणाऱ्याला आपण चढतो आहोत हे कित्येक मैल जाणवतही नाही.

रूळ उखडले की वाट आपोआप सायकलींची होत नाही, आणि या मार्गाच्या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त गाडी नेण्याचा हक्क होता. गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपून जमीन शेजारच्या मालकांकडे परत जायची. कुणी तिथे कुंपण घाली, कुणी गोठा बांधी. शंभर मैलांच्या सलग पट्ट्यातला एक मैल जरी असा गेला, तरी उरलेल्याचा प्रवासी मार्ग म्हणून उपयोग संपतो. १९८३ मध्ये राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. बंद होणारा लोहमार्ग भविष्यात पुन्हा लागेल म्हणून राखून ठेवावा आणि तोवर तिथे चालणाऱ्यांची व सायकलस्वारांची वाट करावी, अशी सोय तिने केली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. देशभरातल्या अनेक सायकल मार्गांचा पाया या निर्णयात आहे.

वेस्टर्न मेरीलंडचा लोहमार्ग मात्र या दुरुस्तीच्या आधीच बंद पडला होता. तिथे जमीन वाचवली ती संस्थांनी आणि स्थानिक माणसांनी. वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ओहायोपाइलच्या दोन्ही बाजूंचा पट्टा विकत घेऊन राज्याकडे सोपवला, आणि १९८६ मध्ये तिथे पहिले नऊ मैल खुले झाले. पुढची वाटचाल तुकड्यातुकड्यांची होती. कुठे काउंटीने पुढाकार घेतला, कुठे गावकऱ्यांच्या मंडळाने देणग्या जमवल्या, कुठे जुन्या पुलावर नवी फळी पडायला वर्षे गेली. मार्ग कंबरलंडपर्यंत २००६ मध्ये पोचला. पिट्सबर्गजवळचे अखेरचे अंतर कारखान्यांच्या आणि चालू लोहमार्गांच्या दाटीतून काढावे लागले; ते जून २०१३ मध्ये जोडले गेले. पहिल्या नऊ मैलांपासून तोवर २७ वर्षे लोटली होती. आजही या मार्गावर जायला शुल्क नाही की परवाना नाही, आणि झाडे तोडण्यापासून खडी पसरण्यापर्यंतचे पुष्कळसे काम स्वयंसेवक करतात. एवढ्या लांबीची सार्वजनिक गोष्ट एवढ्या चिकाटीने उभी राहिली, याचे कौतुक त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने करावे असेच आहे.

कंबरलंडहून निघाले की सोळाव्या मैलावर फ्रॉस्टबर्ग येते. गाव वाटेच्या बरेच वर आहे. तिथे पोचायला नागमोडी चढण आहे, आणि संपूर्ण प्रवासातला दम काढणारा चढ म्हणावा तर तो हाच. पुढे मेसन-डिक्सन रेषा ओलांडून मार्ग पेनसिल्व्हेनियात शिरतो आणि लगेच बिग सॅव्हेज बोगदा लागतो. लांबी ३,२९४ फूट, म्हणजे एक किलोमीटर. आत दिवे आहेत, तरी सायकलला स्वतःचा दिवा हवाच. भर जुलैतही आतली हवा गार असते आणि घामेजलेल्या अंगाला ती झोंबते, म्हणून जाकीट हाताशी ठेवावे. दक्षिणेकडच्या तोंडाशी उभे राहिले की मेरीलंडच्या डोंगरांच्या रांगा एकामागे एक दिसतात. हिवाळ्यात बर्फाने बोगद्याचे नुकसान होऊ नये म्हणून साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तो बंद ठेवतात, आणि त्याला सोयीचा पर्यायी रस्ता नाही.

बोगद्यापासून दीड-दोन मैलांवर मार्गाचा माथा आहे, उंची २,३९२ फूट. हाच पूर्वेकडचा जलविभाजक. इथून पूर्वेला पडलेला पाऊस पोटोमॅकमधून चेसापीक उपसागराला मिळतो. पश्चिमेला पडलेला यॉकगेनी, मोनोंगहेला, ओहायो आणि मिसिसिपी असा लांबचा वळसा घेत मेक्सिकोच्या आखातात जातो. मायर्सडेलच्या पुढे सॅलिसबरी पूल कॅसलमन नदीचे सबंध खोरे १,९०८ फुटांत ओलांडतो. त्याच्या खालून शेते, महामार्ग आणि आजही मालगाड्या धावतात असा लोहमार्ग जातो. पुलावर सायकल टेकवून मालगाडी येईपर्यंत थांबण्यात वेळ वाया जात नाही.

कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल हे अकरा मैल सर्वांत देखणे. १९८६ चा तो पहिला नऊ मैलांचा तुकडा याच टप्प्यात आहे. खाली यॉकगेनीचे खळाळते पाणी, बाजूला दाट झाडी, आणि ऑक्टोबरच्या मध्याला रंगलेली पाने. ज्यांना एकच दिवस काढता येतो त्यांनी हा टप्पा करावा. उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-वडील असोत की नुकती सायकल शिकलेली मुले, इथे सगळ्यांना सोबत नेता येते. ओहायोपाइलला भाड्याने सायकली मिळतात. फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावर बांधलेले फॉलिंगवॉटर हे घर जवळच आहे, पण तिथवरचा रस्ता मोटारींचा आणि चढउतारांचा आहे, तेव्हा तिथे गाडीनेच गेलेले बरे.

कॉनेल्सव्हिलनंतर डोंगर मागे पडतात आणि कोळशाचा मुलूख सुरू होतो. पिट्सबर्गच्या पोलादाला लागणारा कोक इथल्या भट्ट्यांतून जात असे. खाणी बंद झाल्या, तरी त्यांतले पाणी अजून झिरपते. वाटेच्या कडेला एके ठिकाणी ते कातळावरून ओघळते आणि त्यातल्या लोहामुळे सगळा खडक गंजासारखा तांबूस-केशरी झाला आहे. शेवटी होमस्टेड येते, १८९२ च्या पोलाद कामगारांच्या संपाचे गाव. त्यानंतर हॉट मेटल ब्रिजवरून मोनोंगहेला ओलांडायची. वितळलेले लोखंड नदीपार नेणाऱ्या पुलावरून आता सायकली जातात.

संपूर्ण मार्गाला तीन ते पाच दिवस पुरतात. पाच दिवस घेतलेले चांगले, कारण घाईने मैल मोजत गेल्यास गावे हातची सुटतात. वाट बहुतांशी चुनखडकाच्या बारीक, दाबलेल्या कचीची आहे. रस्त्यावरच्या शर्यतीचे अरुंद टायर तिच्यावर नकोत. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद हवेत. कालव्याकाठची वाट अधिक ओबडधोबड आहे आणि पावसानंतर चिखल होतो, तेव्हा पुढे वॉशिंग्टनला जाणाऱ्यांनी मडगार्ड लावावेत. गावांमधले अंतर कधी बारा मैल, कधी पंचवीस. मध्ये पाणी मिळेलच असे नाही. लहान गावांतली खाणावळ लवकर बंद होते आणि शाकाहाऱ्याला तिथे निवड फारशी नसते. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत असली की ही अडचण उरत नाही. वाट जिथे मोटाररस्ता ओलांडते तिथे थांबून दोन्हीकडे पाहावे. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

परतीसाठी ॲमट्रॅक सोयीची आहे. वॉशिंग्टन आणि शिकागो यांना जोडणारी गाडी कंबरलंड, कॉनेल्सव्हिल आणि पिट्सबर्गला थांबते आणि सायकलही नेते. पिट्सबर्गला ती अडनिड्या वेळी येते आणि सायकलींच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून तिकिटाबरोबर सायकलचे आरक्षणही आधीच करून ठेवावे. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारसाठी तर मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वीच.