मूल कोण सांभाळणार?

परवा आमची सून पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत देऊन आली. विषय रसायनशास्त्र. एम.एस्सी.नंतर मधे सहा वर्षं गेलेली, घरात अडीच वर्षांची चिमुरडी. चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, विषयावरचे प्रश्न छान गेले. पण शेवटी एका सरांनी विचारलं, लॅबमध्ये रात्री उशीर झाला तर मूल कोण सांभाळणार?"

मला राग आला. आणि पाठोपाठ शरमही वाटली. कारण अर्ज भरताना हेच मीही विचारलं होतं! "अगं, आता कशाला? पोरगी शाळेत जायला लागू दे की." ३२ वर्षं वर्गातल्या मुलींना 'शिका, शिका' सांगणारी बाई मी.. आणि घरात वेळ आली तर हे!

गेल्या वर्षी माझ्या मुलानं नोकरी बदलली. तीच पोर तेव्हाही घरात होती. त्याला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मेरी क्युरीची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. पण त्यातला एक माणूस नेहमी गाळायचे. सप्टेंबर १८९७ मध्ये तिला मुलगी झाली, आयरीन. त्याच सुमारास सासूबाई वारल्या आणि सासरे, डॉक्टर युजीन क्युरी, यांच्याकडे राहायला आले. नातीला त्यांनी सांभाळलं आणि सून डॉक्टरेटच्या कामाला लागली. १८९८ मध्ये रेडियम, १९०३ मध्ये डॉक्टरेट आणि त्याच वर्षी नोबेल. १९३५ मध्ये त्या नातीलाही नोबेल मिळालं!

पण प्रत्येकीला असा सासरा कुठून मिळणार? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांसाठी प्रसूती व बालसंगोपनाची मिळून २४० दिवसांपर्यंत रजा आहे, मुदतीतही २ वर्षांची सवलत आहे. चांगलंच आहे. पण हे सगळं प्रवेश मिळाल्यावरचं. दारातच अडवलं तर काय उपयोग? शिवाय रजा फक्त आईला. म्हणजे मूल बाईचंच, हे नियमानंही मान्य केलं म्हणायचं.

त्या सरांची काळजी अगदीच खोटी नाही. प्रयोग काही घड्याळ बघून संपत नाहीत. माझं म्हणणं इतकंच, की निवड ज्ञानावर करा. मग निवडलेल्या सगळ्यांना विचारा, मुलग्यांनाही, की घरी लहान मूल आहे का, पाळणाघर लागेल का? प्रश्न तोच, पण तेव्हा तो मदतीचा होतो.

निकाल अजून यायचाय. आम्ही मात्र फ्रिजवर वेळापत्रक लावून टाकलंय. दुपार माझी, रात्र मुलाची. सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा तास घ्यायचे आहेत, आणि विद्यार्थिनी भारी हट्टी आहे!

असो. तुमच्या घरी हा प्रश्न कोणाला विचारतात? जरूर कळवा.