माहेर म्हणजे सुट्टीतला आठवडा नव्हे



गेल्या उन्हाळ्यात आखाडा बाळापूरच्या बसथांब्यावर आमच्या बचत गटातली एक बाई भेटली. पन्नाशी ओलांडलेली. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत नवी साडी. मी विचारलं, "कुठं गेल्ता, मावशी?"

"भावासंगं कचेरीत. नाव कमी करायचं होतं."

"कागद वाचून दाखवला का कुणी?"

"साहेबानं इचारलं, राजीखुशीनं देता का म्हणून. भाऊ बाजूलाच उभा. नाही कसं म्हणावं?"

वडिलांच्या नावचं पाच एकर रान. आई, भाऊ, ही आणि हिची धाकटी बहीण, असे चार वारस. हिचा हिस्सा सव्वा एकर. हळदीचं, पाण्याखालचं सव्वा एकर रान एका साडीवर आणि हॉटेलातल्या एका जेवणावर सुटलं. मी तसं बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "ताई, सव्वा एकरापायी माहेर तोडू काय? चार दिवस इसावा खायला जागा पाहिजे का नको?"

या चार दिवसांबद्दलच मला लिहायचं आहे.

आधी माझ्या घरचं सांगते. दुसऱ्यांच्या घरात डोकावून शहाणपण सांगायचं आणि स्वतःच्या उंबऱ्यापाशी गप्प बसायचं, हा आम्हा कार्यकर्त्यांचा जुना रोग आहे. माझे वडील नांदेडला नोकरीला होते. २००४ साली त्यांनी एका कंपनीकडून सुट्टीचा हिस्सा घेतला. टाइमशेअर म्हणतात त्याला. एकदा मोठी रक्कम भरायची, मग पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा थंड हवेच्या ठिकाणी राहायला मिळतं. घर आपलं नसतं, जमीन आपली नसते. आपला असतो फक्त आठवडा. त्यावर दरवर्षी देखभालीचा खर्च भरायचा, मग तुम्ही जा की न जा. तरी आम्ही भावंडं तिथे खूप खेळलो, ते दिवस मला प्रिय आहेत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत वडील म्हणाले, "आता आमच्यानं प्रवास होत नाही. उरलेली वर्षं दादाच्या नावावर करून टाकतो. खर्चही तोच भरील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं काय, तू कधीही ये की त्याच्यासोबत." मी मान हलवली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, दहा-बारा वर्षं बायकांना हक्क शिकवणारी मी, पोहे खात राहिले. एका आठवड्यासाठी काय बोलायचं, असं वाटलं.

पुढच्याच महिन्यात दुसरं वाक्य आलं. "बाळापूरकडच्या वडिलोपार्जित चार एकरांचंही त्याच वेळी उरकून घेऊ. तू एक सही दे." वाक्याचा सूर तोच. आठवडा आणि जमीन वडिलांच्या मनात एकाच रांगेत होते. दोन्ही मुलाला द्यायचे आणि मुलीला म्हणायचं, कधीही ये.

त्या रात्री माझ्या ध्यानात आलं की आपल्या समाजानं मुलींसाठी टाइमशेअर कधीच काढून ठेवला आहे. त्याचं नाव माहेरपण. दिवाळीचे चार दिवस, उन्हाळ्यात आठ दिवस, पंचमीला जमलं तर दोन. घर तिचं नाही, रान तिचं नाही. ती जाईल तेवढे दिवसच तिचे. त्याची किंमत म्हणजे हक्कसोड पत्रावरची सही. शिवाय कंपनीचा करार निदान कागदावर असतो, कमी सोय दिली तर ग्राहक आयोगात जाता येतं. माहेरपणाला ना कागद, ना आयोग. भावाचा मूड, पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, भावजयीची तब्येत यांवर ते अवलंबून. आई-वडील गेले की कित्येकींचा आठवडा आपोआप संपतो. सही मात्र कायम राहते.

ही तुलना कुणाला कडवट वाटेल. पण कायद्यानंही अनेक वर्षं हेच म्हटलं होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. राहत्या घरात मुलीला वारसा मिळाला तरी भाऊ वाटणी करत नाहीत तोवर तिनं वाटणी मागायची नाही. राहण्याचा हक्क कुणाला? अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली, एवढ्यांनाच. म्हणजे संसार मोडला तर कोपरा मिळेल, संसार चांगला असेल तर पाहुणी म्हणून ये. हे कलम काढून टाकायला २००५ साल उजाडावं लागलं.

महाराष्ट्रानं त्याआधी एक पाऊल टाकलं होतं. १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं आणि त्याच वर्षी २२ जूनपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हिस्सा देणारी दुरुस्तीही लागू झाली. पण तिच्यात एक मेख होती. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. एकाच घरातली १९९२ साली लग्न झालेली थोरली बाहेर आणि १९९६ साली लग्न झालेली धाकटी आत. केंद्राच्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून हा भेद गेला. तरी "बाप त्या तारखेला जिवंत होता का" असा घोळ चालूच राहिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला. मुलीचा हक्क जन्मानं आहे, बाप २००५ साली हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली किंवा न्यायालयाची वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. पण "आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती" एवढं म्हणून आता भागत नाही.

म्हणजे कायदा पन्नास-साठ वर्षं अडखळत का होईना, पोचला. अडलं आहे ते घरात. कायद्यानं दिलेलं हक्कसोड पत्रानं काढून घेतलं जातं. जवळच्या नात्यात त्याचा मुद्रांकही काही शे रुपयांचा. देशात शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांत बायका शंभरात चौदाच्या आसपास, असं २०१५-१६ च्या कृषिगणनेत दिसलं. निंदणी, खुरपणी, हळद काढणं, शिजवणं, वाळवणं यांत मात्र बायकांवाचून पान हलत नाही.

आता नेहमीच्या सबबी बघू. शिबिरात, चावडीवर, स्वतःच्या घरात, मी त्या सगळ्या ऐकल्या आहेत.

पहिली सबब अशी की मुलीच्या लग्नात खर्च केला, हुंडा दिला, तोच तिचा हिस्सा. हुंडा घेणं-देणं १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची रक्कम हक्कातून कशी वजा करणार? आणि तो पैसा तिच्या हाती कधी आला? तो सासऱ्याकडे गेला, जेवणावळीत गेला, बँडवाल्याकडे गेला. मुलाच्या लग्नात झालेला खर्च त्याच्या सातबाऱ्यातून कुणी वजा केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

दुसरी सबब, जमिनीचे तुकडे होतील. तीन भाऊ असले की तीन तुकडे पडतातच, तेव्हा कुणाला देशाची शेती आठवत नाही. आणि न तोडता वाटून घेणं आपल्याला येत नाही असंही नाही. आपल्याकडे विहिरीची पाळी असते. सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार-गुरुवार मधल्याचे. विहीर एकच, पाणी दिवसांनी वाटलेलं, आणि ही पाळी बापाकडून पोरांकडे बिनबोभाट जाते. देवळाच्या पूजेच्या पाळ्याही अशाच. पुजाऱ्याचं वंशपरंपरागत पद बाईकडेही वारशानं येऊ शकतं, ती दुसऱ्याकडून पूजा करवून घेऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५५ सालीच सांगितलं आहे. मग बहिणीचं नाव सातबाऱ्यावर ठेवून रान भावानं कसावं, ठोका किंवा बटई ठरवून तिचा वाटा तिला द्यावा, यात अवघड काय? अवघड आहे ते तिला भागीदार म्हणणं.

तिसरी सबब, जमीन परक्या घरात जाईल, जावई बळकावील. ही भीती खोटी नाही. नवऱ्यानं मारून-झोडून बायकोला हिस्सा मागायला पाठवल्याची प्रकरणं आमच्याकडे आली आहेत. पण त्यावर उपाय जमीन तिच्याच नावावर राहील हे पाहण्याचा आहे. तिचं नाव पुसून टाकणं हा उपाय नव्हे. कायद्यात एक गोष्ट आहे जी फारशी कुणी सांगत नाही. आई-बापाकडून वारशानं आलेली मिळकत असलेली बाई मृत्युपत्र न करता वारली आणि तिला मूलबाळ नसेल, तर ती मिळकत नवऱ्याकडे जात नाही, बापाच्या वारसांकडे परत जाते.

चौथी सबब, आई-वडिलांना मुलगा सांभाळतो. खरं विचारा, कोण सांभाळतं? दमेकरी सासूला रात्री पाणी कोण देतं? सून. इथे मला आपल्या बायकांच्या एका आंधळेपणाबद्दल बोलायचं आहे. आपण नणंदा म्हणून माहेरी विसाव्याला जातो, तेव्हा तो विसावा कोण पुरवतं? भावजय. पहाटे उठून चहा, पुरणपोळ्या, पोरांचे कपडे, सगळं तिच्या अंगावर. आपली सुट्टी म्हणजे तिची दुप्पट पाळी. तिला ना त्या घराच्या कागदावर जागा, ना तिच्या माहेरच्या. कारण तिनंही तिच्या भावाला सही दिलेली असते. मग आपण एकमेकींवर चिडतो, "भावजयीनं तोंड वाकडं केलं" म्हणतो, आणि सातबारा निवांत पुरुषांच्या नावे राहतो.

एक कबुली द्यायला हवी. हा कायदा सगळ्या बायकांना सारखा लागू नाही. तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना आहे. मुस्लिम बहिणींना शरियतप्रमाणे भावाच्या निम्मा हिस्सा आहे, पण तोही सोडून देण्याची रीत आमच्याकडे दिसते. आमच्या कळमनुरी तालुक्यात आंध आदिवासींची वस्ती आहे आणि अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात आदिवासी मुलीच्या वारसांना समान हिस्सा दिला. ही बातमी आपण पाड्यांवर पोचवली का? बौद्ध वस्तीत, आदिवासी वस्तीत मुळात जमीनच नाही किंवा असली तर एक-दीड एकर. तिथल्या बहिणीचा सवाल बागाईतदाराच्या मुलीपेक्षा वेगळा आहे. तो वेगळा मांडला पाहिजे.

माझ्या सहीचं काय झालं? मी दिली नाही. वडिलांना म्हटलं, "मला आज वाटणी नको. रान दादा कसतोय, कसू दे. माझं नाव मात्र काढायचं नाही." वडील म्हणाले, "तुला आम्ही शिकवलं ते यासाठी?" दादा दोन महिने बोलला नाही. त्या दिवाळीत मी गेले नाही, म्हणजे कुणी ये म्हणालंच नाही. रडले मी. हक्क मागणाऱ्या बाईला माहेर तुटल्याचं दुःख होत नाही, असं भाषणात सांगू नका. ते होतं.

मग एका दुपारी वहिनीचा फोन आला. मला वाटलं समजूत घालणार. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाला सही दिली होती. ती परत घेता येते का हो?" फसवून किंवा दडपणाखाली घेतल्याचं सिद्ध करता आलं तर दिवाणी न्यायालयात जाता येतं, पण मुदत साधारण तीन वर्षांचीच, आणि सोपं नाही, असं मला सांगावं लागलं. ती म्हणाली, "मग राहू द्या." मला त्या "राहू द्या"चा राग आहे. म्हणून हे लिहिते आहे.

२०२५ साली सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. मोहीम चांगली आहे. पण वारस म्हणून बहिणीचं नाव लागलं की लगेच ते "कमी करायला" तिला गाडीत बसवून नेलं जातं. तेव्हा आपल्या गटांनी एवढं तरी करावं.

गावातली फेरफाराची नोटीस वाचणारी एक जण प्रत्येक गटात असावी. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ते वाया जाऊ देऊ नयेत. कोणत्याही बाईनं कागद घरी आणून, दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. "विचार करून सांगते" हे वाक्य शिबिरात मोठ्यानं म्हणायचा सराव करावा. ते सोपं नाही. नोंदणीच्या वेळी बाईला भावांपासून वेगळं बसवून, तिच्या भाषेत कागद समजावून विचारावं, अशी मागणी सरकारकडे लावून धरावी. आणि आपल्यापैकी ज्या आता सासवा, आया झाल्या आहेत, त्यांनी स्वतःच्या घरात आधी लेकीचं आणि सुनेचं नाव घालावं.

बापाला त्याचा सुट्टीचा आठवडा पोराच्या नावावर करायचा असेल तर करू दे. पंचवीस वर्षांनी तो संपणारच आहे. रान आणि घर संपत नाही. त्यात आपण पाहुण्या नाही, वारस आहोत. बसथांब्यावरच्या त्या मावशीला मी पुढच्या बैठकीला बोलावलं आहे. तिची धाकटी बहीण अजून सही द्यायची आहे. दोघी मिळून येतो म्हणाल्या आहेत.