स्प्रिंग स्वस्त झाली, गोळीचे काय?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील राहतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांच्या रक्तवाहिनीत औषधलेपित स्टेंट, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत 'स्प्रिंग', बसविण्यात आली. शासकीय योजनेमुळे घर कर्जात बुडाले नाही. श्रावणात त्यांना भेटावयास गेलो असता सहज चौकशी केली, तो दोन्ही गोळ्या तीन आठवड्यांपासून बंद! "सर, आता छातीत काही होत नाही. आणि एवढ्या पावसात गोळीसाठी महाडला कोण जातो?" असे त्यांचे उत्तर. काही विपरीत घडले नाही, हा केवळ योगायोग.

या गृहस्थांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु गोळी का सोडावयाची नाही हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेच नव्हते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये काही महिन्यांतच पेशींची वाढ होऊन दर चार-पाच रुग्णांमागे एकाची वाहिनी पुन्हा अरुंद होई. ही वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप दिलेले स्टेंट २००२-०३ पासून युरोप-अमेरिकेच्या बाजारात आले आणि त्यांचा गाजावाजा झाला. पण जे औषध नको असलेली वाढ थांबवते, तेच वाहिनीच्या आतील अस्तराची हवी असलेली वाढही मंदावते. धातू रक्तात उघडा राहतो आणि त्यावर अकस्मात गुठळी धरू शकते. २००६ साली बार्सिलोना येथील हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत या उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवरून मोठे वादळ उठले. नंतरच्या पिढीचे स्टेंट अधिक पातळ तारांचे व पुष्कळ सुरक्षित आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही झटक्यानंतर स्टेंट बसविलेल्या रुग्णाने साधारणतः वर्षभर ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी, आणि पुढे एक गोळी दीर्घकाळ, खंड न पाडता घ्यावी लागते. म्हणजे स्टेंटची सुरक्षितता निम्मी कारखान्यात घडते आणि निम्मी रुग्णाच्या घरी.

पहिल्या निम्म्याकडे शासनाने लक्ष दिले. जनहित याचिकेच्या रेट्यानंतर २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. त्यापूर्वी सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजारांच्या घरात होती. मधला पैसा कंपनी, वितरक आणि रुग्णालये यांच्यात कसा वाटला जात होता, हे प्राधिकरणानेच उघड केले. घाऊक किंमत निर्देशांकाबरोबर चढत ती मर्यादा आज ३८ हजारांच्या पुढे गेली असली, तरी नियंत्रणाने नवनिर्मिती मरेल हा त्या वेळचा आक्रोश पोकळ ठरला, असेच मी म्हणेन.

मात्र किंमत बांधून अर्थशास्त्राचा प्रश्न संपत नाही. वैद्यकीय सेवेत काय घ्यावयाचे हे गिऱ्हाईक ठरवीत नाही, विक्रेताच ठरवितो. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच या विषमतेकडे लक्ष वेधले होते. ऐन झटक्यात अँजिओप्लास्टी वेळेवर झाली तर प्राण वाचतात, याविषयी वाद नाही. परंतु चालताना छातीत दुखणाऱ्या, अन्यथा स्थिर असलेल्या रुग्णाचे काय? ५,१७९ रुग्णांच्या 'इस्केमिया' चाचणीने (तीत भारतीय रुग्णही होते) २०१९ मध्ये दाखविले की अशा रुग्णांत उत्तम औषधोपचारावर स्टेंट वा बायपासची भर घातल्याने दुखणे कमी होते, मृत्यू कमी होत नाहीत. नॉर्वेमध्ये ९,०१३ रुग्णांचा सहा वर्षे मागोवा घेण्यात आला. साध्या व औषधलेपित स्टेंटमध्ये मृत्यू व झटक्यांचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया तेवढी शंभरात सुमारे तिघांची टळली. हा लाभ खरा आहे, पण जाहिरातीत विकला जातो तो हा नव्हे. शेत गहाण टाकून 'चांगल्यातली स्प्रिंग' घेणाऱ्याला हा फरक कोणी समजावून सांगतो काय?

आणि आमच्या भागाचा भूगोल! २२ जुलै २०२१ रोजी तळिये व पोलादपूर तालुक्यातील वाड्यांवर दरडी कोसळल्या, महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, औषधांच्या दुकानांतील माल चिखलात गेला. ते वर्ष अपवादाचे म्हणून सोडून दिले, तरी घाट बंद पडणे, एस.टी. न येणे हे दर पावसाळ्याचेच आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांना लागणारी रसायने तयार होतात. त्यांचा धूर आणि सांडपाणी आम्हाला बारमाही मिळते, गोळी मात्र मिळेलच असे नाही.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिचा हिशेब शस्त्रक्रियांच्या संख्येत मांडला जातो, कारण शस्त्रक्रियेचे बिल असते. न चुकता घेतलेल्या गोळीचे बिल कोण पाठविणार? स्टेंट घेऊन परतलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत असावे, पाच वर्षांनी तो कसा आहे हे तेथे कळावे. स्थिर रुग्णास स्टेंट सुचविताना त्यापासून नेमके काय मिळणार हे मराठीत लिहून द्यावे. पनवेल-मुंबईची वाट धरण्यापूर्वी, जेथे विलंब अटळ आहे तेथे, हृदयाचा आलेख काढून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन महाड व पोलादपूर येथेच रात्री-अपरात्रीही मिळावे.

यांपैकी काहींना वेळ लागेल, हे समजू शकते. पण गोळ्या स्वस्त आहेत, आशा सेविका वाडीवाडीत जातच आहेत. येत्या मे महिन्यात, घाट बंद होण्याआधी, वरच्या वाड्यांतील अशा रुग्णांच्या घरी चार महिन्यांच्या गोळ्या पोहोचविण्यास कोणत्या मंत्रिमंडळाच्या ठरावाची गरज आहे?